चक्रवाक आणि फणसांबा

ज्ञानेश्वरीचा सोळावा अध्याय मी वर्गात वीस वर्षे शिकवीत आलो आहे. आरंभीच बुद्धी आणि बोध ही चक्रवाकांची जोडी नदीच्या दोन थडींवरून एकमेकांसाठी आक्रोश करते. तिथे माझा आवाज हमखास जड होतो. पण चक्रवाक प्रत्यक्षात दिसतो कसा, हे मला गेल्या जानेवारीपर्यंत ठाऊक नव्हते! भिगवणला, उजनीच्या पाण्याकाठी, चिरंजीवांनी दुर्बीण हाती दिली. विटकरी-नारिंगी अंगाचे, फिकट डोक्याचे चांगले थोराड बदक! आणि हातभर अंतरावर त्याची मादी. विरहाचे नाव नाही. दोघे निवांत चरत होती. लडाख-तिबेटकडून हिवाळ्यापुरते यायचे, उन्हे तापू लागली की परत जायचे.

"अगदी आपल्यासारखी," सौभाग्यवती म्हणाली. "आपण नाही का दिवाळीत चार दिवस कोकणात जात!"

बोलणे थट्टेचे होते. मला ते लागले.

कोकणातल्या घरी आई एकटी असते. मागीलदारी फणस आहे आणि त्याच्या बुंध्यावर फणसांबा. तपकिरी, लाकडासारखी टणक अशी ही बुरशी. मुलांचे तोंड आले की आई त्याचा तुकडा सहाणेवर उगाळून लावीत असे. चक्रवाक डोंगर ओलांडून येतो. हा जागचा हलत नाही. दरसाल खालच्या अंगाने एक नवा थर, एवढाच त्याचा प्रवास. मला तो निष्ठेचा पुतळाच वाटे.

मे महिन्यात सुताराने बुंधा ठोकून पाहिला. आवाज पोकळ आला. फणसांबा झाडाच्या लाकडावरच जगतो, तो बाहेर दिसतो तेव्हा आत बरेच खाऊन झालेले असते, असे त्याने सांगितले. म्हणजे उडून जाणारा जोडीदाराला धरून आहे, आणि चिकटून बसलेला आधारालाच पोखरतो आहे! वर्गात आता कोणत्या तोंडाने उपमा सांगू?

झाड घरावर कलले आहे. मी म्हटले, "आई, झाड तोडू, आणि तू पुण्याला चल."

"झाड तोडलंस तर पोरांचं तोंड आल्यावर लावू काय?"

"आई, पोरं कॉलेजात जातात गं."

ती काही बोलली नाही. निघताना मात्र वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक तुकडा तिने माझ्या पिशवीत सरकवला.

झाड अजून उभे आहे. पावसाळ्यात वाऱ्याचा जोर वाढला, की मी रात्री फोन करतो. ती आधी फणसाचे सांगते, मग स्वतःचे.