पनवेलचं बंदर आणि पाद्र्यांची पोरं

रेल्वे 1856 मध्ये खोपोलीपर्यंत पोचली आणि पनवेल बंदराचं महत्त्व ओसरत गेलं. त्याआधी मुंबईहून पुण्या-नगरकडे निघालेली माणसं भरतीच्या पाण्यावर खाडीतून पनवेलला उतरायची. पुढे बैलगाडी, तट्टू नाहीतर पालखी, आणि मग बोरघाट. तिथे गाडीरस्ता झाला तो 1830 साली. पुढच्याच वर्षी, डिसेंबरात, अमेरिकन मराठी मिशननं नगरला ठाणं मांडलं. मुंबईहून तिकडे जाणाऱ्यांची नेहमीची वाट हीच. कडेवर तान्हं, पोटात दुसरं, अशा गोऱ्या बायकाही या धक्क्यावर उतरल्या असणार.

*

परदेशी जाण्याची तयारी म्हणजे काय? पुरुषाची ठरलेली : हिब्रू, ग्रीक, धर्मशास्त्र. बाईची तयारी म्हणजे लग्न. अमेरिकेतल्या हॅरिएट न्यूएलचं मिशनऱ्याशी लग्न 9 फेब्रुवारी 1812 ला झालं आणि 19 ला जहाज सुटलं. वय अठरा. कंपनी सरकारनं कलकत्त्यात राहू दिलं नाही, म्हणून मॉरिशसची वाट धरली. जहाजावरच मुलगी झाली, पाच दिवसांत गेली. 30 नोव्हेंबरला आईही गेली. नवरा सॅम्युएल पुढे एकटाच मुंबईला आला. तिच्या डायरीचं पुस्तक अमेरिकेत घरोघर वाचलं गेलं आणि कितीतरी मुलींना मिशनची ओढ लागली. मला याचा जरा रागच येतो. भर समुद्रात बाळंतपण कसं निभवायचं, हे त्या मुलींना कोण सांगणार होतं?

*

गॉर्डन हॉल मुंबईतला मिशनरी. मुलांच्या प्रकृतीसाठी 1825 मध्ये त्यानं बायकोला दोन्ही मुलगे घेऊन अमेरिकेला धाडलं, स्वतः मागे राहिला. थोरला वाटेतच गेला. 1826 च्या मार्चमध्ये हॉल नाशिकजवळ पटकीनं वारला.

*

आता पनवेलच्या उशालाच विमानतळ झालाय (उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025). परदेशी निघालेल्या घरातली धांदल निराळी : लसींचं कार्ड, बाळगुटीची पुडी, आणि पासपोर्टचा फोटो. त्यात बाळाचे डोळे उघडे हवेत. जुळी असतील तर एकाला जागं ठेवावं तोवर दुसरं झोपतं.

*

मिशनऱ्यांच्या उलट दिशेनं गेलेली एक आई : पंडिता रमाबाई, 1883, इंग्लंड. मनोरमा तेव्हा दोन वर्षांची. लेकीनं कोणत्या पंथाच्या वळणानं वाढायचं, यावरून तिथल्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा पत्रांतून चांगलाच खटका उडाला. रमाबाई हटल्या नाहीत. आईला एवढी सरळ वादात उभी राहिलेली मी मिशनच्या इतिहासात फारशी पाहिलेली नाही.

*

मिशनऱ्यांची मुलं देशी आयांच्या हाताखाली वाढत आणि मराठी बोलू लागत. आईबापांना याचं कौतुक, आणि धास्तीही. म्हणून सहा-सात वर्षांचं झालं की पोर ‘घरी’ पाठवायचं. ते घर त्यानं बहुधा पाहिलेलंही नसे. रॉबर्ट ह्यूम या मिशनरीपुत्राचा जन्म मुंबईचा, 1847 चा. वडील 1854 मध्ये मायदेशी जाताना जहाजावर वारले; आईनं मुलांना मॅसॅच्युसेट्समध्ये वाढवलं. 1874 मध्ये रॉबर्ट परत आला, तो नगरलाच. पहिली बायको मिशनऱ्याची लेक. ती गेल्यावर दुसरी केली केटी फेअरबँक, तीही मिशनऱ्याची लेक, आणि मराठी ख्रिस्ती गीतं रचणाऱ्या हेन्री बॅलंटाइनची नात. बॅलंटाइनचा मुलगा राहुरीला डॉक्टर. एखाद्या कीर्तनकाराच्या घराण्यासारखं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं हे काम. माझ्या मते यांची खरी तयारी पाळण्यातच झाली होती, आणि ती करून घेणाऱ्या आया इथल्या होत्या. मिशनच्या खर्चात तो पगार शिक्षण म्हणून मांडायला हवा होता.

*

कोडाईकनालला अमेरिकन मिशनऱ्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली ती 1901 मध्ये. नगरहून कोडाई काही जवळ नाही, पण मध्ये समुद्र तरी नव्हता.