पाबळास दोन दिवस

पुण्याहून नगर रस्त्याने निघून शिक्रापुरास डावीकडे वळले, म्हणजे थोड्याच वेळात मुलुखाची चर्या पालटते. कारखान्यांची व गोदामांची गर्दी मागे पडते, उघड्या माळांवर वारा मोकळा वाहू लागतो, आणि जेथे विहिरीस पाणी आहे तेथेच काय ती हिरवळ दिसते. वाटेत केंदूर लागते. ज्ञानदेवांचे समकालीन कान्हूराज पाठक यांचे हे गाव. तेथून पुढे शिरूर तालुक्याच्या कडेस, खेडच्या हद्दीजवळ, पाबळ वसले आहे. सह्याद्रीचा पाऊस येथवर पोहोचेपर्यंत बहुतेक रिता होतो, हे या मुलुखाचे जुने दुःख होय.

पाबळचे नाव इतिहासात राहिले ते मस्तानीमुळे. पाबळ, केंदूर व लोणी ही गावे बाजीरावसाहेबांनी तिला इनाम दिली होती. १७४० सालच्या एप्रिलच्या २८ तारखेस रावेरखेडी येथे नर्मदातीरी पेशव्यांचा अंत झाला आणि त्यामागोमाग मस्तानीही निवर्तली. तिचा देह येथे विसावला आहे. कोणी त्या स्थानास समाधी म्हणतात, कोणी मजार. तटबंदीच्या आवारातील ती साधी कबर पाहून डोळे दिपत नाहीत. पण तिचा मुलगा समशेर बहाद्दर १७६१ साली पानिपतात जखमी होऊन मेला हे आठवले, म्हणजे तेथून पाय लवकर निघत नाही. गावात जैनांचे पद्ममणि तीर्थही आहे. त्याच्या दर्शनास दूरदूरचे लोक येतात.

तथापि अलीकडच्या पाबळची खरी कीर्ति विज्ञान आश्रमाची आहे. हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधनकेंद्रातील मोठे पद सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ साली या कोरड्या गावी येऊन राहिले. शाळेत नापास झालेली वा शाळा सोडलेली मुले हाताने काम करता करता शास्त्र शिकतील, हा त्यांचा सिद्धान्त. जोडकाम, सुतारकाम, विजेचे काम, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया अशी विद्या तेथे पुस्तकाआधी हातांस मिळते. २००२ साली अमेरिकेतील एम.आय.टी.चे प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांच्या साह्याने तेथे 'फॅब लॅब' नावाची यांत्रिक कार्यशाळा निघाली. डॉक्टर २००३ साली वारले. आश्रम चालू आहे. तीस वर्षे फळ्यावर रूपे लिहून घेतलेल्या आमच्यासारख्या संस्कृताच्या मास्तरास ती जागा पाहताना किंचित ओशाळल्यासारखे होते, हे लपवीत नाही.

आम्ही गेलो होतो ते मात्र आमच्या बालमित्राच्या घरी. पूर्वीचे कुळकर्णी वतनाचे घर, आता थोडी शेती व एक पडवी उरली आहे. घरात वृद्ध यजमान, सूनबाई, धाकटे चिरंजीव व त्यांचे कुटुंब, आणि थोरल्या चिरंजीवांचा मुलगा. हे थोरले चिरंजीव पिंपरीस कारखान्यात नोकरीस असून रविवारी येतात. नातू बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षास आहे. त्याच्या वडिलांच्या मनात त्याने स्पर्धापरीक्षा द्यावी. त्याच्या मनात फुटबॉलच्या संघाचा फिटनेस कोच व्हावे. "मास्तर, तुम्ही पुष्कळ मुले पाहिली आहेत. हा कोणता धंदा, आणि त्यात भाकरी आहे की नाही, तेवढे समजून घेऊन सांगा," असे पत्र यजमानांनी लिहिले होते. सूनबाईंनी खाली एक ओळ घातली होती: "तो तुमचे ऐकेल."

मुलाचे ऐकण्याआधी त्याचे काम पाहावे, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही त्याच्या मागोमाग पटांगणावर गेलो. शाळा-कॉलेजच्या मुलांनी जमविलेला गावचा संघ तेथे येतो. चुन्याने वीस मीटरांच्या खुणा केलेल्या. भ्रमणध्वनीतून ठराविक अंतराने शिट्टी वाजते. शिट्टीबरोबर वीस मीटर जावयाचे, परत यावयाचे, दहा सेकंद विसावा, पुन्हा निघावयाचे. शिट्ट्यांमधील काळ कमी कमी होत जातो. डेन्मार्कचे शरीरशास्त्रज्ञ येन्स बांग्सबो यांची ही 'यो-यो' कसोटी. आमचा मुलगा धावत नव्हता. तो वही घेऊन उभा होता आणि कोणाचा पाय कोणत्या फेरीस अडखळला ते टिपीत होता. पलीकडे लोखंडी अडथळे मांडलेले होते. ते त्याने आश्रमात शिकलेल्या एका मित्राकडून भंगारच्या नळ्या जोडवून घेतले होते.

परत येताना आम्ही विचारले, "यात तुझी विद्या कोणती? पळ म्हटले की मुले पळतात."

"गुरुजी, पळविणे सोपे आहे," तो म्हणाला, "थांबविणे अवघड आहे."

मग त्याने जे सांगितले ते थोडक्यात असे. फुटबॉलचा मोठा खेळाडू एका सामन्यात दहा ते बारा किलोमीटर चालतो-धावतो. पण त्यातील अगदी भरधाव धावणे थोडे, आणि सामन्याचा निकाल बहुधा त्या थोड्यातच लागतो. तेव्हा दमसास वेगळा कमवावा लागतो, वेग वेगळा, एकदम थांबून वळण्याची ताकद वेगळी. मांडीच्या मागील शिरेची दुखापत या खेळात फार. ती टाळण्याचे व्यायाम ठरलेले आहेत. सामन्याचा दिवस धरून आठवडा आखावयाचा: सामन्यानंतर विसावा, मध्ये जड काम, आदल्या दिवशी हलके. श्रीमंत संघांत खेळाडूच्या पाठीवर सदऱ्याखाली उपग्रहाशी बोलणारे एक लहानसे यंत्र असते, आणि कोण किती धावला ते पडद्यावर दिसते. ते नसेल तर? तर सराव संपल्यावर प्रत्येकास विचारावयाचे की, आजचे कष्ट दहापैकी किती वाटले. आणि तो आकडा मिनिटांनी गुणून वहीत मांडावयाचा. याची वही तशीच भरलेली होती.

आम्हांस वाग्भटाची आठवण झाली. बलवानानेही व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, असे त्याचे शासन आहे. आणि अर्धी शक्ति सरली हे कपाळावर, काखेत, सांध्यांवर येणाऱ्या घामावरून व तोंडाच्या कोरडेपणावरून ओळखावे, असे वैद्यक सांगते. मुलास हे सांगितले तेव्हा त्याने तेथेच उभे राहून ते वहीत लिहून घेतले. एखाद्या शिष्याने आमचे बोलणे न सांगता लिहून घेतल्याला बरीच वर्षे झाली होती.

हा धंदा अगदी आजचा आहे असे मात्र नव्हे. १९७० साली मेक्सिकोत विश्वचषक झाला, तेव्हा मेक्सिको शहराच्या सव्वादोन हजार मीटर उंचीवर धावपटूंची छाती भरून येते हे ध्यानी घेऊन ब्राझीलने शरीराची तयारी विशेष करविली. त्या तयारीवर क्लॉडिओ कूटिन्यो हा सैन्यातील कॅप्टन होता आणि कार्लोस आल्बर्टो परेरा नावाचा सत्तावीस वर्षांचा तरुण होता. अंतिम सामन्यात मध्यंतरास इटलीशी एक-एक बरोबरी. शेवटी ब्राझील चार, इटली एक. हा परेरा व्यवसाय म्हणून फुटबॉल कधीच खेळला नाही. पुढे तोच मुख्य प्रशिक्षक झाला व १९९४ साली त्याने ब्राझीलला विश्वचषक मिळवून दिला. आपल्याकडे हैदराबादेचे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर. त्यांच्या हाताखाली आपला संघ १९५६ सालच्या मेलबर्न ऑलिंपिकात चौथा आला आणि १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई सामन्यांत दक्षिण कोरियास हरवून सुवर्णपदक घेऊन आला. मास्तरांविषयी एवढे लिहिण्याचा मोह आम्हांस आवरला नाही. वाचक क्षमा करतील.

महाराष्ट्रासही ही विद्या परकी नाही. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ आजही तालमींची नावे मिरवतात: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. मल्लांचे वस्ताद जे करीत, म्हणजे कोणास किती जोर, किती बैठका, काय खुराक आणि कुस्तीच्या आधी केव्हा विसावा हे ठरविणे, तेच नव्या विद्येने आकड्यांत मांडले आहे. त्याच कोल्हापुरातील रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. आपण ते तिन्ही सामने हरलो. पहिल्या सामन्यात अमेरिकेने तीन गोल केले, शेवटच्यात घानाने चार; आणि त्या मुलांच्या शरीराकडे पाहिले म्हणजे अंतर केवळ पायातील कौशल्याचे नव्हते हे आमच्यासारख्या अडाण्यासही दिसत होते.

आता भाकरीचा प्रश्न. तो आम्ही मुलास आडवळणाने विचारला नाही. त्यानेही लपविले नाही. मोठ्या संघांत अशी जागा बहुधा एक वा दोन, आणि ती पुष्कळदा परदेशी माणसास जाते. करार एका हंगामाचा. पुण्यात २००७ साली निघालेला पुणे एफ.सी. आज नाही, २०१४ साली निघालेला एफ.सी. पुणे सिटी २०१९ साली मावळला. २०२५ साली इंडियन सुपर लीगचा हंगाम वेळेवर सुरू होईना, तेव्हा काही संघांनी पगारच थांबविले. हे सारे त्याने आम्हांस तारखांसह सांगितले. आपल्या वाटेवरचे खड्डे ज्यास पाठ आहेत, तो मुलगा नुसता स्वप्नाळू नव्हे, असे आमचे मत तेथेच बनले.

त्याचा बेतही ठरलेला होता. पदवीनंतर बी.पी.एड. करावयाचे. पुण्यात १९२४ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्रीय मंडळाचे आगाशे महाविद्यालय गुलटेकडीस आहे. तेथे प्रवेश मिळाला तर उत्तम. त्याबरोबर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे पहिले प्रशिक्षक-प्रमाणपत्र, म्हणजे खेळ आतून समजेल. मग क्रीडाविज्ञानाची वरची पदवी, आशियाई महासंघाचे फिटनेसचे प्रमाणपत्र, आणि मध्यंतरी एखाद्या अकादमीत मिळेल त्या वेतनावर, वेळी बिनपगारी, उमेदवारी. सारे फसले तर बी.पी.एड.च्या बळावर शाळेत व्यायामशिक्षक होता येईल.

त्या रविवारी गावच्या संघाचा शेजारच्या गावाशी सामना होता. पुढच्या फळीतला सर्वांत वेगवान मुलगा आठ दिवसांपूर्वी मांडी धरून बसला होता. आता दुखत नाही असे तो म्हणे. कर्णधार तर त्यास घेण्यावर अडूनच बसला. आमच्या मुलाने त्यास चुन्याच्या रेषेवर धावविले, एका पायावर उड्या मारविल्या, दोन्ही पायांची ताकद ताडून पाहिली आणि सांगितले, "आज नाही. अजून दहा दिवस." कर्णधार संतापला. गावातील दोघा-तिघा जाणत्यांनीही येऊन पाहिले. मुलगा हात मागे बांधून उभा राहिला. आवाज चढविला नाही, शब्दही बदलला नाही. सामना दोन गोलांनी हरला. घरी येईपर्यंत "फिटनेसवाल्याने हरविले" हे वाक्य आमच्या कानी चारदा आले.

यजमान सामन्यास आले नव्हते, पण वार्ता त्यांच्या आधीच पडवीत पोहोचली होती. थोरले चिरंजीवही पिंपरीहून आले होते. ते म्हणाले, "बघा, गावातच ही शोभा. बाहेर कोण विचारणार?"

यजमान थोडा वेळ सुपारी कातरीत बसले. मग त्यांनी नातवास विचारले, "तो खेळला असता तर?"

"कदाचित जिंकलो असतो, आजोबा. कदाचित त्याची शीर तुटली असती आणि तो तीन महिने बसला असता."

"अरे, आपल्या गावात शर्यतीच्या बैलाचा पाय जरा लचकला तर घाटात कोणी सोडीत नाही," यजमान चिरंजीवांकडे वळून म्हणाले. "२०१४ साली शर्यती बंद झाल्या, २०२१ साली पुन्हा सुटल्या, मधली सात वर्षे लोकांनी खोंड उगाच नाही सांभाळले. खुराक, चाल, विसावा, सगळे मोजून. बैलाचे ज्याला कळते त्याला गाव मान देते. माणसाचे कळणाऱ्याला का नाही?"

"बैलाला मालक असतो, बाबा," चिरंजीव म्हणाले. "याचा पगार कोण देणार?"

हा प्रश्न खरा होता आणि त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. आम्ही आमचे मत तेव्हा सांगितले. मुलगा लायक आहे; धंदा खरा आहे, पण अस्थिर आहे; म्हणून बी.पी.एड. ही अट असावी, आणि त्यानंतर तीन वर्षांची मुदत. तोपर्यंत स्वतःच्या पोटापुरते मिळविता आले नाही तर त्याने निमूटपणे शाळेची नोकरी धरावी. चिरंजीवांनी तीनची दोन करावी असे म्हटले. सूनबाई आतून बाहेर आल्या व म्हणाल्या, "स्पर्धापरीक्षेला मुले पाच-पाच वर्षे बसतात, तेव्हा नाही कोणी मुदत घालीत." त्यावर तीन वर्षे कायम झाली. खर्चाचा अर्धा भार काकांनी आपण होऊन उचलला. वडिलांनी उरलेल्यास हो म्हटले, तोंड मात्र सैल केले नाही.

प्रवेशपरीक्षेत लेखी प्रश्नांबरोबर मैदानी कसोटीही असते, हे मुलाने सांगितले तेव्हा यजमानांनी चष्मा वर करून त्यास न्याहाळले.

"दुसऱ्यांना पळवितोस खरा. तुझी स्वतःची ती शिट्टी कोणत्या फेरीपर्यंत जाते?"

मुलाने सांगितलेला आकडा आम्हांस कळला नाही. पण कोपऱ्यात बसलेला त्याचा चुलतभाऊ हसला, त्यावरून तो फारसा मोठा नसावा. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघे भाऊ पटांगणाकडे गेले, आणि या खेपेस वही धाकट्याच्या हाती होती.