पडद्यापुढची माणसे

२८ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

१० डिसेंबरला मानवी हक्क दिन. दरवर्षी आमच्या वर्ध्याच्या कॉलेजात त्या दिवशी एक पाहुणा, एक हार, एक भाषण आणि निबंध स्पर्धेची बक्षिसे असतात. यंदा निबंध नको, आठवडाभर माहितीपट दाखवू, असे मी राष्ट्रीय सेवा योजनेच्या बैठकीत मांडले. निवडणुकीचा निकाल लागून पाच दिवस झाले होते, त्यामुळे पहिला प्रश्न ठरलेलाच होता: “राजकीय तर नाहीत ना?” मी म्हटले, सातबारा, मजुरी, गटार आणि पोलीस गोळीबार. यातले राजकीय काय ते तुम्हीच ठरवा. शेवटी ‘विद्यार्थ्यांपुरते, वर्गातच, बाहेर बॅनर नाही’ या अटीवर परवानगी मिळाली.

बॅनरचा आग्रह मलाही नव्हताच. सार्वजनिक खेळ म्हटला की १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आणि सेन्सॉरचे प्रमाणपत्र आले. २००४ साली मुंबईच्या सरकारी महोत्सवात, ‘मिफ’मध्ये, भारतीय माहितीपटांना हे प्रमाणपत्र सक्तीचे करायचा घाट घातला गेला. तेव्हा माहितीपटकारांनी एकत्र येऊन ‘विकल्प’ नावाने प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात आपला वेगळा महोत्सव भरवला. आनंद पटवर्धनांच्या ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’चे प्रकरण तर दूरदर्शनवर दाखवायचे की नाही यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. राज्यशास्त्राच्या पुस्तकात कलम १९ दीड पानात उरकलेले असते. त्यापेक्षा हा एक खटला शिकवावा, असे मला कधीचे वाटते.

दिग्दर्शकांकडे परवानगीचे मेल टाकले. ही मंडळी बहुधा नाही म्हणत नाहीत.

२ डिसेंबर, सोमवार

आज ‘निरोज गेस्ट्स’. दीपा भाटिया यांचा २००९ चा, तासाभराच्या आतला माहितीपट. पत्रकार पी. साईनाथ विदर्भात शेतकऱ्यांच्या घरी जातात आणि कॅमेरा त्यांच्यामागे जातो. नावामागची गोष्ट टॅसिटसची. नीरोने बागेतल्या मेजवानीत उजेडासाठी कैदी जाळले. साईनाथ नीरोविषयी बोलत नाहीत. ती मेजवानी खाणारे पाहुणे कोण होते, हा त्यांचा सवाल आहे.

सुरू करण्याआधी सांगून टाकले की यात आत्महत्येचा विषय आहे, कोणाला उठून जावेसे वाटले तर जावे, कोणी कारण विचारणार नाही. फळ्याच्या कोपऱ्यात टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून ठेवला. आमच्या वर्गात हे सांगणे नुसता उपचार नाही. दोन मुले उठून गेली. एक व्हरांड्यातच थांबला, चर्चेच्या वेळी आत येऊन मागे बसला.

मुंबईच्या फॅशन वीकला पाचशेबारा पत्रकारांची नोंदणी होती, त्या वर्षीचा विषय होता कापूस. आणि कापूस पिकवणारे मरत होते त्या विदर्भात तेव्हा बाहेरचे पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. साईनाथांचे हे ऐकून पुण्या-मुंबईच्या सभागृहात सुस्कारे निघतात, ते मी पाहिले आहे. वर्ध्यात कोणी सुस्कारले नाही. मागून एकजण म्हणाला, “मंग? आता किती हायेत?” हशा पिकला.

चर्चा तासभर चालेल असे धरले होते. शिपाई दिवे घालवायला आला तेव्हाही चालूच होती.

आधी सगळे भावावर घसरले. यंदा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये, आणि व्यापाऱ्याकडे सात हजारही धड नाही. कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, केंद्रावर न्यावा तर ओलावा आठ टक्क्यांच्या वर निघाला की कपात, बारा टक्क्यांच्या वर गेला की माल परत. हिंगणघाटच्या बाजारात रात्रभर गाडीखाली झोपलेली पोरे हे सांगत होती. त्यांना काय शिकवणार!

मग खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. एरवी हजेरीशिवाय तिचा आवाज ऐकू येत नाही. “सर, सिनेमात शेतकऱ्याचा भाव काढला. माही माय वेचाले जाते, तिले किलोमागं दहा रुपये भेटते. ते कोणी नाही काढलं.”

“दहा देऊन आमच्याजवळ उरते काय, ते बी इचार ना!” हा आवाज तिच्याच गावच्या मुलाचा. तिची आई त्याच्याच वावरात जाते, हे मला नंतर कळले.

मी मध्ये पडलो नाही. फळा मोकळा करून खडू त्या दोघांना दिला. क्विंटलमागे वेचणी हजार. म्हणजे सात हजारांतला सातवा हिस्सा एकट्या वेचणीचा. मुलाने बियाणे, खत, फवारणी, डवरणी, भाडे मांडत नेले आणि शेवटी हातात जे राहिले त्याच्याकडे बघत बसला. मुलीने दुसऱ्या बाजूला आईचा दिवस मांडला. पहिल्या वेच्याला चाळीस किलो निघतो, शेवटच्या वेच्याला पंधरासुद्धा नाही. दर मात्र तोच. दोन्ही हिशेब खरे होते. माहितीपटात यातला एकच हिशेब आहे. दुसरा वर्गात बसला होता म्हणून मांडला गेला.

माहितीपट चांगलाच आहे, वादच नाही. पण तो बनवताना डोळ्यांपुढे असलेला प्रेक्षक शहरातला होता. वर्ध्यात तो दाखवला की पडद्यावरची माणसे आणि पडद्यापुढची माणसे एकच होतात, आणि मग प्रश्न बदलतात.

३ डिसेंबर, मंगळवार

कालच्या चर्चेचे शेपूट. एकीने घरी आजोबांना विचारून दोरलीची हकीकत आणली. आपल्याच जिल्ह्यातल्या या गावाने २००५ च्या अखेरीस गावच विक्रीला काढल्याचे जाहीर केले होते. तेव्हा ही मुले जन्मलीही नव्हती. पुढच्या वर्षी पंतप्रधान मनमोहन सिंग वायफडला येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. वायफड इथून एसटीच्या टप्प्यात. वर्गातल्या एकालाही हे ठाऊक नव्हते. मी जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लावला आणि जाताना काढला नाही.

दुपारी एका विद्यार्थ्याने हळूच विचारले, “सर, ‘अपात्र’ म्हंजे आत्महत्या केलीच नाही असं होते का?” सरकारी मदत एक लाखाची, त्यातले तीस हजार हातात, सत्तर हजार बँकेत. जमीन नावावर आहे का, कर्ज कोणत्या बँकेचे, वसुलीचा तगादा होता का, हे तपासून समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. सावकाराचे कर्ज कागदावर नसते. बाईचे नाव सातबाऱ्यावर नसते. एवढे त्याला सांगितले. कोणासाठी विचारतोस, हे मी विचारले नाही.

४ डिसेंबर, बुधवार

दिव्या भारती यांचा ‘कक्कूस’, २०१७. तमिळनाडूतल्या सफाई कामगारांवरचा. भाषा तमिळ, खालची अक्षरे इंग्रजी, म्हणजे आमच्या मुलांना दोन्ही सारखेच. दोघींनी आदल्या रात्री बसून निवडक भाग वऱ्हाडीत लिहून काढला होता, तो माइकवरून वाचत गेल्या. वाचताना एक जागी अडखळल्या, कारण तिथे माणूस जे हाताने काढत होता त्याला सभ्य शब्द सापडेना. दुसरीने जो आहे तो शब्द सरळ म्हटला. इतकी चोख जागा मूळ पट्टीतही नसेल.

हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा १९९३ चा कायदा आहे, २०१३ चा त्याहून कडक आहे, तरी गटारात उतरलेल्या माणसांच्या बातम्या थांबत नाहीत.

सेवाग्राम इथून आठ किलोमीटरवर, त्यामुळे गांधी येणारच होते. आश्रमात प्रत्येकाने स्वतः संडास साफ करायचे हा नियम होता, असे एकाने अभिमानाने सांगितले. त्यावर नगरपरिषदेच्या कंत्राटी सफाई कामगाराचा मुलगा म्हणाला, “त्यायले सोडता येत होतं ना, सर. माह्या बाबाले येत नाही.” यावर मी गांधींची बाजू मांडू शकलो असतो, आंबेडकरांचीही. वेळ संपली होती, आणि तसेही त्याचे वाक्य तिथेच असणे बरे होते.

५ डिसेंबर, गुरुवार

आज पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ ठरला होता. निम्मी बाके रिकामी. उद्या महापरिनिर्वाण दिन, म्हणून ज्यांच्यासाठी लावायचा तेच सगळे दादरच्या चैत्यभूमीला निघालेले, रेल्वेच्या अनारक्षित स्पेशलने. सोमवारवर ढकलला.

७ डिसेंबर, शनिवार

माहितीपट पाहणे वेगळे आणि कॅमेरा धरणे वेगळे, हे कळावे म्हणून पाच गट केले आहेत. साधन एकच, खिशातला मोबाइल. फिल्म पाच मिनिटांची, विषय आपल्या गावातला. एका गटाने एसटी घेतली. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट आहे, पण फाट्यावर बस थांबतच नाही. दुसऱ्या गटाला दारूबंदी हवी होती. बंदी असलेल्या जिल्ह्यात दारू कुठे मिळते हे दाखवायला ते इतके उत्सुक होते की मला त्यांना आवरावे लागले.

वेचणीच्या गटाबरोबर मी गेलो. वर्गात बोललेली ती मुलगी त्यात होती. बाया तासात वाकलेल्या, कमरेला ओटी बांधलेली, बोंड उघडून कापूस ओढताना बोटांच्या कडांना नखुल्या लागून चिरा पडलेल्या. मुलीने आईसमोर मोबाइल धरला.

“कोण पाह्यन हे?” आईने हात न थांबवता विचारले.

“कॉलेजात दाखवतो.”

“मालकाचं पोरगं तुह्याच कॉलेजात हाये ना?”

मुलीने मोबाइल खाली केला. आई तिला समजावल्यागत म्हणाली, “मी खोटं नाही बोलत. पण पुढच्या वेच्याले बलावलं नाही तं मंग?”

प्रागच्या ‘एक जग’ या मानवी हक्क माहितीपट महोत्सवाची मंडळी २००१ पासून शाळांना माहितीपट आणि त्याबरोबर पाठाचे साहित्य पुरवतात. ते चांगलेच आहे. पण चित्रीकरणाला संमती कोणाची, तिची किंमत कोण मोजणार, हा धडा असा वावरातच मिळतो. बऱ्याच नावाजलेल्या माहितीपटांनीही तो पुरता गिरवलेला नाही, असे माझे मत. रडणाऱ्या विधवेच्या तोंडाजवळ गेलेला कॅमेरा मला आता बघवत नाही.

९ डिसेंबर, सोमवार

‘जय भीम कॉम्रेड’ तीन तासांहून मोठा. दोन तुकड्यांत दाखवला, मध्ये चहा आणि आलूपोहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांनी केलेला गोळीबार, दहा मृत्यू. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांची आत्महत्या. पटवर्धन तिथून पुढे चौदा वर्षे चित्रित करत राहिले. माहितीपट २०११ ला आला.

मुले गाण्यांवर ठेका धरत होती. दादरहून परतलेल्यांच्या डोळ्यांत झोप होती, तरी एकही उठला नाही. चर्चेत गोळीबारापेक्षा चौदा वर्षांचीच गोष्ट जास्त निघाली. “रील तीस सेकंदाची राह्यते सर, अन् या माणसानं चौदा वर्ष काहाडले?” गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली ती २००९ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. न्यायाला एवढा वेळ लागत असेल तर त्याची नोंद ठेवणाऱ्यालाही तेवढे थांबावे लागते, हे गणित त्यांनी स्वतःच मांडले.

एकीने वर्ध्याच्या लक्ष्मीनारायण मंदिराचा विषय काढला. जमनालाल बजाजांनी १९२८ मध्ये ते दलितांना खुले केले. “आता तिथं पुजारी कोण असते?” असा तिचा पुढचा प्रश्न. तिला म्हटले, जाऊन विचार आणि लिहून आण.

१० डिसेंबर, मंगळवार

पाहुणे आले, हार झाला. भाषणात मानवी हक्कांचा १९४८ चा जाहीरनामा आला, गांधी आले नाहीत. युनेस्कोच्या ज्युलियन हक्सलींनी १९४७ मध्ये हक्कांबद्दल मत मागवले, तेव्हा गांधींनी आपल्या अशिक्षित आईचा दाखला देऊन कळवले होते की हक्क येतो तो नीट बजावलेल्या कर्तव्यातून. मुलांना ते पत्र वाचून दाखवले. वेचणीवाल्या मुलीला ते पटले नाही. “माय कर्तव्य तं रोजच करते.”

वेचणीची सोडून बाकी चार फिल्म दाखवल्या. एसटीची सर्वांत गाजली. फाट्यावरून न थांबता गेलेल्या बसमागे धावणारी दप्तरे पाहून पाहुण्यांनी आगाराच्या व्यवस्थापकांना फोन लावतो म्हटले. लावला की नाही, ते पुढच्या आठवड्यात फाट्यावरच कळेल.

१४ डिसेंबर, शनिवार

अहवालाचा नमुना आला. रकाने तीन: उपस्थिती, खर्च, छायाचित्रे. चर्चेत काय झाले याला जागा नाही, म्हणून पुरवणी जोडली.

आर्वी, पुलगाव, हिंगणघाटच्या प्राध्यापक मित्रांना एवढेच सांगणे आहे: आठवड्यात दहा माहितीपट लावू नका, तीनच लावा. जेवढा वेळ पडद्याला द्याल त्याच्या दुप्पट वेळ बोलायला ठेवा, तोही त्याच दिवशी. जिथे शक्य असेल तिथे मजकुराचे आपल्या बोलीत भाषांतर मुलांकडूनच करून घ्या. आणि सुरुवातीला १४४१६ फळ्यावर लिहायला विसरू नका.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोग २०१५ पासून दरवर्षी लघुपट स्पर्धा घेतो. पुढच्या खेपेला आमच्याकडून चार फिल्म जातील. पाचवी, वेचणीची, सगळ्यांत चांगली झाली आहे. आईने संमती दिली नाही, म्हणून ती जाणार नाही.