सव्वासहा गुंठे

धारूरचं रान सलग सपाट असं फारसं नाहीच. बालाघाटाच्या उतारावर मुरमाड तुकडे, बांधावर सीताफळं, आणि वाटण्या होत होत बोलणी एकरावरून गुंठ्यावर आलेली. गुंठा म्हणजे ३३ फुटी साखळीचा चौरस.

आता अडीच साखळ्या लांब आणि तेवढाच रुंद तुकडा डोळ्यांपुढे आणा. त्यात दोन बाय दोनचा मोठा चौरस, चार गुंठ्यांचा. त्याच्या दोन अंगांना अर्ध्या साखळीच्या दोन पट्ट्या, एकेक गुंठ्याच्या. आणि दोन्ही पट्ट्यांच्या मध्ये, कोपऱ्यात, पाव गुंठा. तो धरला नाही तर चौरसाचा कोपराच तुटतो. सगळे मिळून सव्वासहा.

पावकी, निमकी, औटकी पाठ असलेल्या जुन्या माणसांना यासाठी कागद लागत नसे. अडीच अडीच सव्वासहा, साडेतीन साडेतीन सव्वाबारा, साडेचार साडेचार सव्वावीस. दोन त्रिक सहा, तीन चोक बारा, चार पंचे वीस, आणि दर वेळी वर पाव. मला त्यात अख्खं बीजगणित ऐकू येतं: क्ष² + क्ष + १/४ = (क्ष + १/२)².

म्हणून अपूर्णांक दिसताच मुलं वही मिटतात तेव्हा जीव तुटतो. ४/९ क्ष² + २क्ष + ९/४ हेच घ्या. मधलं पद इतकं साधं, की टोकांचे अपूर्णांक उगाच आल्यासारखे वाटतात. पण टोकांची वर्गमुळं काढा: २/३ क्ष आणि ३/२. गुणाकारात दोनाला दोन, तिनाला तीन जातात, उरतो नुसता क्ष; त्याची दुप्पट २क्ष. जुळलं! उत्तर (२/३ क्ष + ३/२)². ही दुप्पट पडताळल्याशिवाय मी कुणाला पुढे जाऊ देत नाही. टोकं वर्ग असली म्हणून मधलं पद जुळतंच असं नाही.

भास्कराचार्यांनी तर अपूर्णांकांपासून कधी अंग चोरलं नाही. ११५० च्या सुमाराच्या ‘लीलावती’त भुंग्यांचं गणित आहे. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ मालतीकडे गेलं, सगळ्या थव्याचा ८/९ भागही गेला. उरली एक जोडी, रात्री कमळात अडकलेला भुंगा आणि बाहेरून त्याला साद देणारी भुंगी. निम्म्या थव्याचं वर्गमूळ क्ष धरलं तर क्ष² − ९/२ क्ष = ९. डावीकडे कोपरा नाही. ९/२ चं निम्मं ९/४, त्याचा वर्ग ८१/१६. तो दोन्हीकडे मिळवला की डावीकडे (क्ष − ९/४)² आणि उजवीकडे २२५/१६. त्याचं मूळ १५/४. त्यात ९/४ मिळवले की २४/४, म्हणजे सहा. निम्मा थवा ३६, सगळा ७२. पडताळा घ्या: ६, ६४ आणि २.