रेव आणि रेंव

माझी मातृभाषा कोंकणी. मराठी मी शाळेत शिकले, आज शाळेत मराठीच शिकविते. तरीही घाईच्या वेळी जिभेवर आधी कोंकणी शब्द उतरतो. एरवी त्यामुळे वर्गात थोडा हशा पिकतो, एवढेच. गतवर्षी मात्र या सवयीपायी एका मुक्या जिवाचे प्राण कंठाशी आले.

हा जीव म्हणजे ॲक्सोलॉटल. आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने पुण्यास शिकत असताना तो पाळला होता. पुढे त्याचे परदेशी जाणे ठरले, तेव्हा सरकारी नोंदीचे सोपस्कार रीतसर पुरे करून त्याने तो माझ्या हवाली केला. वीतभर लांबी, फिकट गुलाबी अंग, चार इवले पाय आणि मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे तांबडे कल्ले. बेडकाचे पोर मोठे झाले की कल्ले टाकून जमिनीवर येते. हा मात्र जन्मभर बालरूपातच पाण्यात राहतो. कायम एकाच इयत्तेत बसणारा हा विद्यार्थी पाहून माझ्या नववीच्या मुलींनी त्याचे नाव ‘बाळ’ ठेवले.

त्याचे मूळ घर मेक्सिको शहराजवळ, सोचिमिल्कोच्या कालव्यांत. तेथे तो आता अत्यंत दुर्मिळ झाला आहे. 1864 साली मेक्सिकोहून चौतीस ॲक्सोलॉटल पॅरिसला आले आणि त्यांतल्या काहींची वीण दुमेरील या प्राणिशास्त्रज्ञाने वाढविली. आज प्रयोगशाळांत आणि घरोघरी दिसणारे बहुतेक ॲक्सोलॉटल त्याच वंशातले. म्हणजे आमच्या बाळाच्या कित्येक पिढ्यांनी सोचिमिल्को पाहिलेलेच नाही. पण त्या कालव्यांचा मऊ गाळ त्याच्या अंगवळणी अद्याप आहे, हे मला फार उशिरा कळले.

पेटी लावण्याच्या दिवशी मी मुलींना म्हटले, “तळाला घालायला थोडी रेंव घेऊन या.” कोंकणीत रेंव म्हणजे वाळू; माझ्या डोळ्यांसमोर आमच्या समुद्रकाठची मऊसूत पुळण होती. मुलींनी ऐकले ‘रेव’. त्या गेल्या राजघाटावर, आणि तापीच्या पात्रातून हरभऱ्याएवढे खडे ओंजळी ओंजळीने निवडून घेऊन आल्या. काळे, तांबूस, मधूनच एखादी पांढरी गारगोटी. मला चूक दिसली नाही असे नव्हे. दिसली, पण पाण्याखाली ते खडे इतके सुंदर दिसत होते की मी काही बोलले नाही. मुलींचाही हिरमोड होऊ नये असे वाटले.

ॲक्सोलॉटलची दृष्टी मंद. भक्ष्याचा वास आला, जवळ काही हलले, की तो एकदम तोंड उघडतो आणि पाण्यासकट समोरचे सर्व आत ओढून घेतो. दात असतात, पण ते नुसते धरण्यापुरते; चावणे त्याला ठाऊक नाही. गाळात गांडूळ पकडताना चिमूटभर चिखल पोटात गेला तर तो बाहेरही पडतो. खडा तसा पडत नाही.

आठवड्याभरात बाळाने गांडुळाकडे तोंड फिरविले. मग तो एका कुशीवर कलंडून तरंगू लागला. पोटाला एक टणक उंचवटा दिसत होता. गुरांच्या एका डॉक्टरांना फोनवर विचारले. त्यांनी हा प्राणी पूर्वी पाहिलेला नव्हता. तरी आपल्या परिचयातील जाणकारांना विचारून त्यांनी संध्याकाळी मला कळविले : ओढाताण करू नका, वेगळ्या पातेल्यात स्वच्छ पाणी घ्या, ते हळूहळू थंड करा आणि वाट पाहा. पातेले फ्रिजच्या खालच्या कप्प्यात गेले. रोज पाणी बदलायचे, आणि रोज मुलींच्या डोळ्यांत पाहायचे. दुसरे काम पहिल्याहून कठीण होते. त्या समजत होत्या की चूक त्यांची.

तिसऱ्या दिवशी एक खडा पडला, पाचव्या दिवशी आणखी दोन. त्या दिवशी मी त्यांना शब्दांचा घोटाळा समजावून सांगितला, आणि खडे पाहूनही मी गप्प बसले होते हेही सांगितले.

आता तळाला घालायचे काय? एक मुलगी म्हणाली, काहीच नको. तोही मार्ग आहे, आणि पाच इंचांहून लहान पिल्लांना तोच बरा. पण गुळगुळीत काचेवर बाळाचे पाय घसरत. आमच्या शिपाईमामांनी शहाबादी फरशीचा तुकडा सुचविला. तो चालला असता, मात्र फरशीखाली उष्टे अडकून कुजते. डोक्याहून मोठे गोटे गिळता येत नाहीत हे खरे. त्यांच्या फटींतही तीच गत. शेवटी वाळूच ठरली. मैदा चाळण्याच्या चाळणीतून गळेल तेवढीच बारीक घ्यायची. त्या चाळणीचा स्वयंपाकघरावरील हक्क तेव्हापासून संपला. गढूळपणा जाईपर्यंत वाळू धुताना बादल्यांचा हिशेब आम्ही सोडून दिला. थर जेमतेम इंचभर. जाड झाला तर आत घाण सडते, म्हणून आठवड्याला तो हलवावा लागतो. गांडुळेही आता काचेच्या बशीत वाढली जातात.

तरीही हा प्राणी विकत आणा, असे मी कोणास सांगणार नाही. त्याला सोळा ते अठरा अंशांचे पाणी हवे, आणि बुऱ्हाणपूरचा वैशाख तुम्हाला ठाऊक आहे. उन्हाळाभर बर्फाच्या बाटल्या पाण्यात सोडता सोडता माझ्या आईने मला दोनदा विचारले की तुझे डोके ठिकाणावर आहे ना.

ते तीन खडे माझ्या मेजावर आहेत. परवा शुद्धलेखन घालताना ‘रेव’ हा शब्द आला. मागच्या बाकावरून विचारणा झाली, “बाई, अनुस्वार द्यायचा की नाही?”