मनातली हालचाल आणि स्वमग्न मुले



एक छोटा प्रयोग करून बघा. दोन्ही हात मांडीवर ठेवा आणि हात न हलवता, मनातल्या मनात कुलपात किल्ली फिरवा. जमलं ना? कवायत असो की बुटाची नाडी, नवीन कृती शिकताना आपण अशी मनातली हालचाल नकळत वापरतो.

संशोधक ती तपासतात हाताच्या चित्रांवरून. वेगवेगळ्या कोनांत फिरवलेला हात दाखवून विचारतात, "डावा की उजवा?" आपण मनात स्वतःचाच हात तसा वळवून बघतो. म्हणून जिथे खरा हात अवघडेल, त्या चित्राला उत्तर द्यायला वेळ जास्त लागतो. 2013 मध्ये अस्पर्जर असलेल्या किशोरवयीन मुलांवर झालेल्या एका अभ्यासात हा फरक दिसला नाही. म्हणजे ही मुले बहुधा हाताचे चित्र एखाद्या वस्तूसारखे फिरवून बघत असावीत. अर्थात, सगळी स्वमग्न मुले सारखी नसतात.

याचा वर्गाशी काय संबंध? माझ्या नववीच्या वर्गात एक स्वमग्न मुलगा होता. महाराष्ट्राचा नकाशा न बघता काढायचा, पण 26 जानेवारीच्या कवायतीत समोरून "उजवा हात वर" करून दाखवलं की याचा हात चुकायचा. "मुद्दाम करतोय, काढा याला रांगेतून," असं बोललं जाऊ लागलं. त्याने मात्र घरी पांढरा गणवेश इस्त्री करून ठेवला होता!

विचार करा, समोरच्याची हालचाल बघून करायची म्हणजे त्याचे शरीर मनात फिरवून आपल्यावर बसवायचे. तीच पायरी आम्ही काढून टाकली:

1. समोर नाही, त्याच्या शेजारी, एकाच दिशेला तोंड करून उभे राहिलो.
2. प्रत्येक कृतीचा फोटो पाठीमागून काढून क्रमाने चिकटवला.
3. एका वेळी एकच कृती. "कल्पना कर" न म्हणता प्रत्यक्ष करायला लावली.
4. हात धरून दाखवण्याआधी "धरू का?" असे विचारले.

26 जानेवारीला तो रांगेतच होता. इतरांपेक्षा किंचित उशिरा, पण प्रत्येक वेळी बरोबर हात!

पालकहो, घरी शर्टाची बटणे शिकवतानाही मुलाच्या शेजारी बसून बघा. आणि शिक्षक मित्रांनो, "याला जमत नाही" असा शेरा लिहिण्याआधी आपण कुठे उभे राहून दाखवतोय, तेवढे जरूर तपासा.