वाघ्याचा ठावठिकाणा

आमच्या वाघ्याला घर आहे, ही गोष्ट वाघ्याखेरीज बाकी सर्वांना मान्य आहे. रेबीजची लस टोचणाऱ्या डॉक्टरांच्या वहीत मालक म्हणून माझे नाव आहे, वाण्याच्या यादीत दरमहा त्याची बिस्किटे असतात, आणि त्याने कोणाची चप्पल पळवली की तक्रार आमच्याच दारी येते. वाघ्या मात्र पाहुण्यासारखा येतो, पाहुण्यासारखा जेवतो आणि पाहुण्याला न शोभेल अशा रीतीने, कोणालाही न सांगता, चालता होतो.

नाव मायने ठेवले. दारात आलेले पिल्लू म्हणजे खंडोबाने धाडलेले, असे तिने ठरवून टाकले. खंडोबाचा वाघ्या म्हणजे गावोगाव हिंडणारा. नावच असे ठेवल्यावर त्याने घर धरून बसावे अशी अपेक्षा मी कोणत्या तोंडाने करावी? पण मी ती करीत असे, आणि गेल्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनानंतर तर फारच करू लागलो.

त्या रात्री गल्लीत सुतळी बॉम्बची माळ लागली आणि वाघ्या दार, ओसरी, अंगण अशी तिन्ही ठाणी एका झेपेत ओलांडून अंधारात गेला. कुत्र्याचे कान आपल्याहून कितीतरी तिखट असतात. आपल्याला जो नुसता आवाज वाटतो तो त्यांना घाव वाटत असला पाहिजे. मी मोटारसायकल काढली. सेलूचे स्टेशन पाहिले, मोंढा पाहिला, दुधनेच्या काठाने टॉर्च मारीत फिरलो. पाडव्याला ओवाळून घेतले ते लक्ष नसतानाच. भाऊबीजेच्या सकाळी दूधवाला म्हणाला, “मास्तर, तुमचं कुत्रं आमच्या वस्तीवर हाय. कडब्याच्या गंजीखाली बसलंय, काही केल्या बाहेर येईना.”

“आमचंच कशावरून?”

“घुंगरू वाजलं की!”

ते घुंगरू मायने बांधलेले. २०१६ च्या दुष्काळात आम्ही बैलजोडी विकली तेव्हा घुंगूरमाळा तेवढ्या तिने मागे ठेवून घेतल्या होत्या. त्यांतले एक तिने वाघ्याच्या गळ्यात अडकवले. मला ते जरा हास्यास्पदच वाटत असे. कुत्रा चालू लागला की बैलगाडी आल्याचा भास होई. त्याच घुंगराने त्याला परत आणला, हे कबूल केले पाहिजे. परंतु घुंगराचा दोष असा, की जनावर जवळ असेल तेव्हाच ते बोलते आणि दूर गेले की गप्प होते. मला दूरचे हवे होते. तीन रात्री जागून काढलेल्या माणसाला विज्ञानाची आठवण होते, तशी मला झाली.

दहावीच्या वर्गातल्या एका पोराने माझी शिकवणी घेतली. पहिल्यांदा त्याने अ‍ॅपलचा एअरटॅग सुचविला. २०२१ साली निघालेली ही रुपयाहून जराशी मोठी चकती. तिच्यात सिमकार्ड नाही की उपग्रहाशी बोलण्याची सोय नाही. जवळून एखादा आयफोन गेला, की तो फोन तिची हाक ऐकतो आणि आपल्या धन्याच्या नकळत तिची जागा कळवतो. म्हणजे युक्ती आमच्या दूधवाल्याचीच. येणाऱ्या-जाणाऱ्याने ओळखायचे आणि सांगायचे. फक्त येणारा-जाणारा आयफोनवाला हवा. आमच्या गल्लीत असे फोन किती, याची मी शिरगणती केली. दोन भरले, आणि त्यांतला एक लग्नसराईपुरता मुंबईहून येतो. वस्तीवरच्या कडब्याच्या गंजीत तर ही चकती जन्मभर हाका मारीत राहिली असती. शिवाय ती किल्ल्या, पिशव्या अशा वस्तूंसाठी आहे, जनावरांसाठी नाही, असे काढणाऱ्यांनीच सांगून ठेवले आहे.

मग जीपीएसचा पट्टा आला. हे प्रकरण मला फार आवडले. वीस हजार किलोमीटर उंचीवरून उपग्रह आपली वेळ सांगत फिरतात, आणि निदान चार उपग्रहांच्या वेळा ताडून पाहून वाघ्याचा पट्टा स्वतःची जागा काढतो! पण ती जागा कळते पट्ट्याला, मला नव्हे. मला कळविण्यासाठी त्यात सिमकार्ड लागते, सिमला रेंज लागते, आणि पट्टा काही दिवसांनी चार्ज करावा लागतो. म्हणजे हरवलेल्या वाघ्याने अधूनमधून घरी येऊन पट्टा चार्जिंगला लावावा आणि मग पुन्हा हरवावे. किंमत माझ्या एका कादंबरीच्या मानधनाएवढी. माझ्या कादंबऱ्यांचे मानधन ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती फार वाटणार नाही. मला ती फार वाटली.

परभणीला कामासाठी गेलो होतो, तेव्हा एका जनावरांच्या डॉक्टरांनाही विचारले. ते म्हणाले, “आधी त्याचं ऑपरेशन करून घ्या. नर हिंडतो तो बहुतेक मादीच्या वासावर.” कातडीखाली बसवायच्या चिपचीही माहिती त्यांनी दिली. तांदळाच्या दाण्याएवढी, बॅटरी नसलेली. तिच्यात पंधरा आकडी नंबर असतो. पण यंत्र अगदी अंगाजवळ नेल्याशिवाय ती बोलत नाही. सापडलेला कोण आहे हे ती सांगते. हरवलेला कुठे आहे हे नाही.

हा भेद ऐकला आणि मला आजोबा आठवला. माझा नव्हे, बिबट्या. २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेल्या एका प्रौढ बिबट्याला विद्या अत्रेय यांनी कॉलर घालून माळशेज घाटात सोडले होते. त्यांनीच त्याला आजोबा म्हटले. तो शे-सव्वाशे किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी उद्यानापाशी पोचला. वाटेत शेते, रूळ, माणसांच्या वस्त्या, कुठेही कोणाच्या वाटेला न जाता. २०११ च्या डिसेंबरात महामार्गावर वाहनाची धडक बसून तो मेला, तेव्हा त्याची ओळख पटली ती अंगातल्या चिपवरून. आणि २०१९ साली टिपेश्वरचा एक तरुण वाघ गळ्यात कॉलर घेऊन निघाला, तो सुमारे तीन हजार किलोमीटर हिंडून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात गेला. वाटेत हिंगोलीकडून गेला. १९९९ पर्यंत हिंगोली आमच्याच जिल्ह्यात होती, म्हणून त्या वाघाबद्दल मला उगीचच गाववाल्याचा अभिमान वाटतो. नकाशावर त्याची ती वाकडीतिकडी रेघ मी कितीदा पाहिली आहे. कुठे गेला ते त्या रेघेत आहे. काय शोधीत होता, ते जाणत्यांनी अदमासानेच सांगितले.

शेवटी मुलाला फोन केला. तो पुण्याला शिकतो; त्याला यातले कळते. त्याने सगळे नीट ऐकून घेतले, दोन पट्ट्यांची नावे सांगितली, आणि मग जरा थांबून म्हणाला, “बाबा, माझं लोकेशन बंद झालं म्हणून आता वाघ्याचं बघणार का?”

मी हसलो. फोनवर हसणे सोपे असते.

झाले होते असे, की पुण्याला जाताना त्याने आपण होऊन आपली जागा आमच्या फोनवर दिसेल अशी सोय करून दिली होती. नकाशावर त्याच्या नावाच्या पहिल्या अक्षराचे एक वर्तुळ दिसे. पत्नी रोज निजण्यापूर्वी ते पाही. वर्तुळ खोलीवर असले की दिवा मालवी. एका रात्री एक वाजता ते कात्रजच्या बाजूला दिसले. तिने चार वेळा फोन केला. मीही दोनदा केला, हे मी तिला अजून सांगितलेले नाही. पोरे चहा प्यायला गेली होती! आठवड्याने वर्तुळ दिसेनासे झाले. त्यावर तोही बोलला नाही, आम्हीही नाही. पत्नी अजून कधी कधी तो नकाशा उघडते. त्यात पुणे असते.

पूर्वी उनाड गुराच्या गळ्यात लोढणे बांधीत. जाडसा ओंडका, पळू लागले की गुडघ्यावर आपटायचा. जनावर हरवत नसे, हे खरे. लहानपणी आमच्या एका गोऱ्ह्याच्या गुडघ्यांना त्याने पडलेले घट्टे मी पाहिले आहेत.

दुसऱ्या दिवशी मी भांड्यांच्या दुकानात गेलो. लग्नाच्या आहेराच्या भांड्यांवर नावे घालणारा कारागीर तिथे बसतो. त्याच्याकडून पितळेच्या एका बिल्ल्यावर ‘वाघ्या’ आणि खाली माझा फोन नंबर कोरून घेतला. त्याने सवयीने विचारले, “तारीख घालू? कुणाकडून ते?” मी नको म्हटले. बिल्ला घुंगराशेजारी अडकवला. ऑपरेशनही करून घेतले. त्याबद्दल वाघ्याने पंधरा दिवस माझ्याकडे पाठ फिरवली होती. हिंडणे पुष्कळ कमी झाले. अगदी थांबले नाही.

पट्टा घेतला असता तर बरे झाले असते की काय, हा प्रश्न मला अजून पडतो. फटाके वाजू लागले की हटकून पडतो. यंदा लक्ष्मीपूजनाला त्याला आतल्या खोलीत, मायच्या पलंगाखाली ठेवणार आहोत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी नववीच्या वह्या तपासत होतो. तिन्हीसांजेला अनोळखी नंबरावरून फोन आला. पलीकडे म्हाताऱ्या बाईचा आवाज, मागे शेळ्यांचा.

“वाघ्याचं घर का ओ हे?”

“हो. मास्तर बोलतोय.”

“दारात येऊन बसलंय तुमचं. न्यायला येताव, का राहू द्यावं रातभर?”

पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली होती. मोटारसायकलची किल्ली माझ्या हातात आली होती, ती मी पुन्हा खिळ्याला लावली.

“राहू द्या, मावशी,” मी म्हटले. “जेवला का तो?”